आधी पंप, मग डबा : हार्मोन बिघडवणारी रसायनं आणि पुरुषाची जननक्षमता

मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. वीर्यतपासणीचे नमुने माझ्याच टेबलावर येतात आणि रिपोर्ट नेताना लोक जे विचारतात तेही मलाच विचारतात. हल्ली एक प्रश्न फार येतो : "प्लास्टिकनं काऊंट कमी होतो म्हणं, खरं काय?" विचारणाऱ्याने तोवर घरातले प्लास्टिकचे डबे काढून टाकलेले असतात, स्टीलची बाटली घेतलेली असते आणि वीसेक दिवसांनी तो दुसऱ्या तपासणीला आलेला असतो. शुक्राणूंचा आकडा जागचा हललेला नसतो. मग चार गोष्टी बोलताना कळतं की मधल्या दिवसांत उसात तणनाशकाच्या दोन फवारण्या झाल्या, हाफ चड्डीवर आणि उघड्या हातांनी.

डबे बदलले ते बरंच केलं, पण क्रम चुकला. शिवाय मोजायची घाई झाली. या दोन चुका मी इतक्यांदा बघतो की सगळं एकदा ओळीने लिहून काढायचं ठरवलं.

## सुरुवातीआधी एवढं समजून घ्या

मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी दोन हार्मोन सोडते, एलएच आणि एफएसएच. एलएचच्या सांगण्यावरून अंडकोषात टेस्टोस्टेरॉन तयार होतं, एफएसएच शुक्राणू घडवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. काही रसायनं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतात, उदाहरणार्थ प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए. काही टेस्टोस्टेरॉनची जागा अडवून बसतात; डीडीटी या जुन्या कीटकनाशकापासून शरीरात तयार होणारं डीडीई हे त्यातलं. प्लास्टिक मऊ करणारी काही थॅलेट्स प्राण्यांवरच्या प्रयोगांत टेस्टोस्टेरॉनचं उत्पादनच कमी करतात. शिशासारखे धातू हार्मोन आणि शुक्राणू दोन्हींवर घाव घालतात.

पुढच्या सगळ्या टप्प्यांना दोन गोष्टी लागू आहेत. एक, शुक्राणू घडायला सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात आणि बाहेर पडण्याजोगा होईपर्यंत आणखी दोनेक आठवडे जातात. आजच्या नमुन्यात दिसतात ते तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेले शुक्राणू. दोन, बिस्फेनॉल ए आणि थॅलेट्स लघवीवाटे एक-दोन दिवसांत बरीचशी निघून जातात. शिसं मात्र हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम करतं. म्हणून प्रत्येक स्रोताचा हिशोब वेगळा.

सांभाळा : काऊंट कमी असणं म्हणजे रसायनांचाच दोष, असं धरून चालू नका. अंडकोषाच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे फार आढळणारं आणि उपचार करता येणारं कारण आहे. गालगुंडानंतर अंडकोषाला आलेली सूज, मधुमेह, जुनं ऑपरेशन, चालू असलेली औषधं, हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्यायचंच.

## टप्पा १ : आधी मोजा, आणि नीट मोजा

बरेच जण आधी सगळं बदलतात आणि मग तपासणीला येतात. तेव्हा फरक कशाशी ताडून बघायचा? पहिला रिपोर्ट हातात असल्याशिवाय काही बदलू नका, असं म्हणेन. अपवाद फवारणीचा. ती आजच थांबवा.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही बंद. "जास्त दिवस थांबलो तर जास्त येतील" म्हणून पंधरा दिवस थांबणारे येतात. त्याने संख्या वाढलेली दिसते, पण हालचाल मंदावते. नमुना हस्तमैथुनानेच, लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत द्यायचा. साबण, तेल, थुंकी लावायची नाही. साधा कंडोम वापरून आणलेला नमुना बाद होतो. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात. तेच सांडले असतील तर लाजू नका, काऊंटरवर सांगा. आम्ही तशी नोंद करतो.

नमुना अर्ध्या तासात, जास्तीत जास्त तासाभरात लॅबमध्ये तपासायला लागला पाहिजे. एकदा थंडीत एक दादा गडहिंग्लजकडून मोटारसायकलवर डबी डिकीत टाकून आले. गार पडलेला नमुना, हालचाल जवळजवळ नाही. गाडी चालवून आलेल्या माणसाचा चेहरा बघून मला बोलवेना. चार दिवसांनी त्यांनी लॅबच्या खोलीतच नमुना दिला आणि हालचाल चांगली निघाली. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, राधानगरीच्या लोकांनी नमुना लॅबमध्येच द्यावा. घर जवळ असेल तर डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून आणायची.

तपासून बघा : गेल्या तीन महिन्यांत जोराचा ताप, डेंग्यू, टायफॉईड झाला होता का? ते आणि चालू औषधं फॉर्मवर लिहा.

सांभाळा : रिपोर्टवर शुक्राणू शून्य आले, अंडकोषात गाठ किंवा दुखणं असलं, तर पुढचे टप्पे करत तीन महिने थांबू नका, लगेच युरोलॉजिस्टकडे जा. पत्नीचं वय ३५ च्या वर असेल आणि सहा महिने दिवस गेले नसतील तर दोघांची तपासणी एकदमच सुरू करा. आणि कृपा करून एकट्या सुनेला दवाखान्याच्या फेऱ्या मारायला लावू नका. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचाही काही ना काही वाटा असतो.

## टप्पा २ : आठवडाभर वही ठेवा

एक साधी वही घ्या. सात दिवस रोज रात्री तीन गोष्टी लिहा : अंगाला काय लागलं, नाकातोंडात काय गेलं, किती वेळ. औषधाच्या बाटलीवरचं नाव, थिनरचा डबा, झाळकामाची (सोल्डरिंगची) तार, जिममधल्या पावडरीचा डबा, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा. डॉक्टरांना "कसलं तरी औषध मारतो" म्हणून उपयोग नसतो, त्यांना नाव लागतं.

मग प्रत्येक नोंदीपुढे १, २ किंवा ३ लिहा. कामाच्या ठिकाणी तासन् तास येणारा संपर्क १. घरात रोज थोडा थोडा येणारा २. कधीमधी येणारा ३. पुढची सगळी मेहनत याच क्रमाने करायची.

नेहमीची चूक : शरीरात किती बिस्फेनॉल आहे ते मोजायला लोक लघवीची महागडी तपासणी मागतात. ते रसायन काही तासांत उतरतं. सकाळचा आकडा संध्याकाळी राहत नाही. एकट्या माणसाचा उपचार त्यावरून ठरत नाही. बॅटरीच्या किंवा शिशाच्या कामातल्या माणसाने मात्र रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करावी.

## टप्पा ३ : १ नंबरचा स्रोत बंद करा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

ऊस आणि भाजीपाल्याची फवारणी. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुलं होत नाहीत असं लक्षात आलं आणि तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणूच सापडले नाहीत. काम सुटल्यावर कमी संपर्कातले बरेच जण सुधारले, जास्त काळ काम केलेले काही जण सुधारलेच नाहीत. आपल्या शेतात ते औषध नाही. पण किती लागलं आणि किती दिवस, यावर सगळं ठरतं हे तिथून शिकायचं.

शक्य तेवढी फवारणी या तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाच्या अंगावर न ढकलता कमी करा. तण खुरपून, उसाचं पाचट पसरून, हुमणी किडीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवरून गोळा करून बरंच भागतं. फवारावंच लागलं तर असं करा :

१) पंपाची गळती आधी साध्या पाण्याने बघा. पाठीवरच्या पंपाचं झाकण आणि तळाचा जोड ओघळत असेल तर पाणी पाठीवरून खाली पँटीत उतरतं. अंडकोषाची त्वचा इतर त्वचेपेक्षा फार पातळ असते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या मोजणीत, कोपराखालच्या त्वचेच्या मानाने सुमारे १२ पट औषध त्या त्वचेतून आत गेलं होतं. ओली पँट घालून दुपारपर्यंत काम करण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

२) कमरेपासून खाली रेनकोटची पँट आणि गमबूट घाला, हातात रबरी किंवा नायट्राईलचे मोजे. फवारलेलं तण मांड्यांना घासतं, म्हणून साधी सुती पँट पुरत नाही. रेनकोटमध्ये उकडतं, त्यासाठी सकाळी लवकर सुरू करून ऊन तापायच्या आत थांबा.

३) औषध मिसळताना सर्वांत जास्त जपा, कारण तेव्हा ते दाट असतं. काठीने ढवळा, हाताने नाही. वाऱ्याकडे पाठ ठेवा.

४) नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. जुना टूथब्रश खिशात ठेवा.

५) लघवीला जायच्या आधी हात साबणाने धुवा. आपल्याकडे नंतर धुतात, तेही कधीमधी. तंबाखू मळताना तर औषधाचा हात थेट तोंडात जातो. तंबाखूत मुळातच कॅडमियम असतं; या तीन महिन्यांत ती सुटली तर फार चांगलं.

नेहमीची चूक : बाटलीवर हिरवा त्रिकोण बघून लोक निर्धास्त होतात. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग पोटात किंवा कातडीतून गेल्यावर लगेच किती विषारी एवढंच सांगतात. वर्षानुवर्षांचा हार्मोनवरचा परिणाम त्यात मोजलेला नसतो. उसात सर्रास वापरलं जाणारं अ‍ॅट्राझीन लगेच कुणाला पाडत नाही, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते एलएचची लाट दाबतं.

तपासून बघा : गोठ्याच्या माळ्यावर जुन्या बाटल्या आहेत का? एंडोसल्फानवर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये बंदी घातली, तरी जुनी बाटली "हुमणीला चालंल" म्हणून ठेवलेली सापडते. ती ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, कृषी सहायकांना विचारा.

बॅटरी, रेडिएटर, झाळकाम. शिसं हाताला आणि कपड्यांना चिकटून येतं. जेवायच्या आधी नखांच्या ब्रशने हात धुणं, कामाच्या जागी चहासुद्धा न पिणं, काम संपल्यावर तिथेच आंघोळ, या तीन गोष्टी मास्कइतक्याच महत्त्वाच्या. हुपरीकडे चांदीच्या झाळकामात असाल तर झाळात कॅडमियम आहे का ते पुरवठादाराला विचारा आणि कॅडमियम नसलेला झाळ मागा. धूर तोंडासमोरून नाही, मागे ओढला जाईल असा पंखा लावा.

फाउंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागात भट्टीवर काम करणाऱ्यांना रसायनाबरोबर उष्णता सोसावी लागते. अंडकोष शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड राहिले तरच नीट काम करतात, निसर्गाने ते बाहेर ठेवलेत ते त्यासाठीच. तीन महिन्यांसाठी भट्टीऐवजी दुसऱ्या विभागात बदली मिळते का, सुपरवायझरला सरळ विचारा. "घरगुती कारण" म्हटलं तरी पुरतं. नाहीच मिळाली तर ओतकामाच्या मधल्या वेळात भट्टीपासून लांब बसा आणि आत सैल सुती कपडा घाला.

रंगकाम. काही थिनरमध्ये ग्लायकॉल ईथर असतात आणि त्यातल्या काहींनी शुक्राणू कमी होतात हे कामगारांच्या तपासण्यांत दिसलंय. थिनरने हात धुणं बंद. हाताला गोडं तेल चोळून, मग साबण.

तालीम आणि जिम. हे सांगताना मला खरंच वाईट वाटतं, कारण येणारी पोरं विशीतली असतात. ताकदीसाठी घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं किंवा स्टेरॉईडचं इंजेक्शन मेंदूला सांगतं की माल भरपूर आहे, कारखाना बंद करा. एलएच, एफएसएच खाली जातात आणि शुक्राणू शून्यावरसुद्धा येतात. अंगावर मांस दिसतं आणि रिपोर्ट कोरा येतो. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतात. वस्तादांना नाही सांगितलं तरी डॉक्टरांना सांगा. आणि "काऊंट वाढवायला" कुणी टेस्टोस्टेरॉन सुचवलं तर घेऊ नका, त्याने उलटंच होतं. बिनलेबलच्या शक्तिवर्धक पावडरी आणि अनोळखी ठिकाणची भस्मं याच यादीत. अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे.

## टप्पा ४ : उंबरठ्यावर अडवा

फवारणीचे, कारखान्याचे कपडे घरात येऊ देऊ नका. बाहेरच बदला, वेगळ्या बादलीत भिजवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका आणि स्वतः धुवा. बायकोला दिवस राहावेत म्हणून आपण हे करतोय आणि त्याच औषधाचे कपडे तिच्या हातांनी धुवायचे, हे बरोबर नाही.

औषधाचे रिकामे कॅन पाण्याला, रॉकेलला, धान्याला वापरू नका. तीन वेळा खंगाळून ते पाणी पंपातच ओता, मग कॅनला भोकं पाडा. घरात केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. थॅलेट्स आणि शिसं दोन्ही धुळीत बसतात.

## टप्पा ५ : आता स्वयंपाकघर

एकच सूत्र : गरम, तेलकट, आंबट आणि प्लास्टिक एकत्र नको. सगळे डबे फेकायची गरज नाही. कोरडी डाळ, रवा, पोहे प्लास्टिकच्या बरणीत राहिले तर फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते पार्सलात. उकळता तांबडा रस्सा, वर बोटभर तर्री, पातळ पिशवीला गाठ मारून रबर लावलेलं, आणि घरी पोचेपर्यंत अर्धा तास. तेलात विरघळणारी रसायनं बाहेर यायला याहून सोयीची जागा नाही. मिसळीच्या कटाचंही तेच. डिकीत झाकणाची स्टीलची किटली कायमची ठेवा. हॉटेलवाले आनंदाने भरून देतात.

रंगाच्या रिकाम्या बादलीत लोणचं किंवा पिण्याचं पाणी नको. तळाच्या त्रिकोणात ३, ६ किंवा ७ आकडा असलेली प्लास्टिकची भांडी गरम पदार्थाला नकोत. "बीपीए फ्री", म्हणजे बिस्फेनॉल ए नसलेलं, असं वाचून निश्चिंत होऊ नका. त्याच्या जागी बऱ्याचदा बिस्फेनॉल एस असतं. पाण्याचे २० लिटरचे जार उन्हात ठेवू नका.

नेहमीची चूक : पंचगंगेच्या पाण्याची काळजी म्हणून पाणी जास्त उकळायचं. उकळल्याने जंतू मरतात, कीटकनाशक किंवा धातू निघत नाहीत, उलट पाणी आटून थोडे दाटतात. कार्बन आणि आरओ असलेला फिल्टर लावा, कार्ट्रिज वेळेवर बदला.

सुगंधाचे स्प्रे तीन महिने कपाटात ठेवा. पेट्रोल पंपावर, दुकानात दिवसभर चकचकीत कागदाच्या पावत्या हाताळत असाल तर सॅनिटायझरच्या ओल्या हाताने पावती धरू नका, त्याने बिस्फेनॉल जास्त आत जातं.

## टप्पा ६ : नव्वद दिवस मोजा

ज्या दिवशी १ नंबरचा स्रोत खरोखर थांबला, तो पहिला दिवस. डबे बदलले तो नाही. १ जूनला पंप खाली ठेवला असेल तर ऑगस्ट संपेपर्यंत नमुना देऊ नका. मध्ये एकदा फवारणी करावी लागली, तर तारीख वहीत लिहा. जोराचा ताप आला तर तो उतरल्यापासून नव्याने तीन महिने धरा, नाहीतर तापाचा परिणाम रसायनाच्या नावावर जाईल.

या काळात "शरीर शुद्ध करणारे" काढे आणि रस विकत घेऊ नका. थॅलेट्स शरीर स्वतःच बाहेर टाकतं, नवीन आत जाऊ दिली नाहीत की झालं. मूल व्हावं म्हणून संबंध चालूच ठेवा, दिवसाआड पुरेसे आहेत.

## टप्पा ७ : दुसरा नमुना, त्याच पद्धतीने

तीच लॅब, तितकेच दिवस थांबणं, शक्यतो तीच वेळ. पहिल्यांदा तीन दिवस थांबला असाल तर आताही तीनच. नाहीतर आकड्यातला फरक कशामुळे ते कळणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतल्या खालच्या मर्यादा अशा : वीर्याचं प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांमधले सर्वांत खालचे पाच टक्के जिथे संपतात, ते हे आकडे. याच्या खाली असणाऱ्यालाही मूल होऊ शकतं, वर असूनही अडू शकतं. "फक्त ४ टक्के चांगले" वाचून काउंटरवर रडू फुटलेले लोक मी पाहिलेत. ४ म्हणजे मर्यादेत आहे, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

एकाच माणसाचे दोन नमुने मुळातच बरेच वेगळे येतात. थोड्या वाढीवर हुरळू नका, थोड्या घटीवर खचू नका. काहीच सुधारणा नसेल तर दोन्ही रिपोर्ट, वही आणि फोटो घेऊन युरोलॉजिस्टकडे जा. बाकी कारणं शोधायला त्यांचा अर्धा वेळ वाचेल.

## दिवस राहिले तर

पंप लगेच पुन्हा पाठीवर घेऊ नका. मुलाचं पुरुषत्व घडण्याचा नाजूक काळ गर्भारपणाच्या साधारण ८ ते १४ व्या आठवड्यात असतो, आणि तेव्हा आईच्या अंगात जे जातं ते त्याच्यापर्यंत पोचतं. कपडे वेगळे धुणं, उंबरठ्याबाहेर बदलणं, रस्सा किटलीत आणणं पूर्ण नऊ महिने चालू ठेवा. फवारणीच्या दिवशी तिला वैरणीला शेतात पाठवू नका.

मुलगा झाला तर आंघोळ घालताना दोन्ही अंडकोष पिशवीत हाताला लागतात का ते बघा. वय सहा महिने होऊनही एखादा खाली उतरलेला नसेल तर "उतरंल मोठा झाल्यावर" म्हणून थांबू नका, मुलांच्या सर्जनला दाखवा. ते ऑपरेशन दीड वर्षाच्या आत झालेलं चांगलं.